ओळख देणाऱ्याची सही

“सही माझीच आहे, साहेब. पण या बाईला मी ओळखत नाही.”

हे मी बोलले. दोंडाईच्याला, आमच्या बँकेच्या मागच्या खोलीत, भर उन्हाळ्यातल्या दुपारी, कूलरसमोरच्या खुर्चीत बसून. बोलताना माझा आवाज हलला नाही. मी बँकेची अध्यक्ष होते. ती बाई माझ्यापासून दोन हातांवर उभी होती. तिच्या पदराला मिरचीचा खाट, तो ठसका लावणारा वास, येत होता — आमच्याच पथारीवरच्या मिरचीचा. माझ्या साडीलाही तोच येत होता. साहेब दोनदा शिंकले, तरी त्यांच्या ते ध्यानात आलं नाही.

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलाला नाही. लोक म्हणतात, माणसाला नाही तर देवाला तरी सांगावं. मी देवालाही सांगितलं नाही. त्याला ठाऊक असेल तर असो. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखीच्या माणसाला सांगायची हिंमत माझ्यात नव्हती — आता तर ओळखीचं माणूसच उरलेलं नाही.

मी चौथी शिकले. पुढची शाळा लांब होती आणि घरी म्हशी होत्या, एवढंच. लग्न होऊन दोंडाईच्याला आले. आमच्या घरचे मिरचीचे व्यापारी, गावाबाहेर पथारी. ज्यांनी पथारी पाहिली नाही त्यांना सांगते — मोकळं मैदान, त्यावर ओली मिरची वाळायला पसरतात, लांबून पाहिलं तर जमीन रक्ताळल्यासारखी दिसते. कडेला झापाच्या सावलीत बायका ओळीनं बसतात, नाकाला फडकं बांधतात आणि मिरचीचे देठ खुडतात. दिवसभर. घरी गेल्यावर लेकराच्या तोंडाला हात लावता येत नाही, इतकी बोटं पेटलेली असतात.

त्या ओळीत रेवा बसायची. पहिल्या दिवसापासून तोंडाळ. मी पथारीवर गेले की ओरडायची, “अक्का, आठे या, बसा! जरा तुम्हना नाकमा बी जाऊ द्या!” सगळ्या हसायच्या, खोकायच्या, परत हसायच्या. मी बसायचे. माझ्या डब्यातली भाजी तिच्या भाकरीवर, तिचा ठेचा माझ्या भाकरीवर. पंधरा वर्षं. हे लक्षात ठेवा. पंधरा वर्षं.

बँक बायकांचीच होती. शाळेतून निवृत्त झालेल्या एका बाईंनी काढली, दारोदार फिरून भागभांडवल जमवलं. त्या थकल्यावर मला अध्यक्ष केलं. मला काय येत होतं? सही येत होती. पण पथारीवरच्या बायका मला ओळखायच्या आणि मी त्यांना ओळखायचे, आणि त्या वेळी बँकेला तेवढं पुरायचं. तेव्हाच्या खात्याच्या कार्डावर खाली एक ओळ असायची — ‘ओळख देणाऱ्याची सही’. आधीच्या एका खातेदारानं तिथे सही करायची, की होय, या बाईला मी ओळखते, ही हीच आहे. निरक्षर असेल तर अंगठा. बाईजवळ कागद नसले तरी चालायचं, मागे माणूस लागायचं. आमची अख्खी बँक त्या एका ओळीवर उभी होती.

रेवाला मीच नेलं खातं काढायला. कारकून मुलीनं विचारलं, नाव काय?

रेवा माझ्याकडे बघून म्हणाली, “कोनतं सांगू, अक्का? मना बापनी ठेवेल का नवरानी लिखेल?”

बापानं ठेवलेलं नाव रेवा. लग्नात आमच्याकडे ताटात तांदूळ पसरतात, नवरा अंगठीनं त्यात बायकोचं नवीन नाव लिहितो. तिचं लिहिलं सुनंदा. माझं लिहिलं विमल. मग ते तांदूळ कोणीतरी गोळा करून शिजवतं. माझ्या लग्नात तर मीच खाल्ले असतील.

मी हसले आणि मुलीला म्हणाले, “बापानं ठेवलेलं लिही.”

का म्हणाले? कारण तिचा नवरा कसा आहे ते मला माहीत होतं. सुनंदा नावाचं पासबुक त्याच्या हाती लागलं असतं तर दुसऱ्या दिवशी खातं रिकामं. रेवा नावाचं पासबुक बँकेच्याच कपाटात राहिलं, तर ते कोणाचं हे फक्त तिला माहीत, मला माहीत. अशा पन्नासेक बायका होत्या आमच्याकडे, माहेरच्या नावानं खाती असलेल्या. त्यात फसवणूक नव्हती. बाई एकच होती, खात्यावर नाव एकच होतं, आणि तेही तिचं पहिलं. कार्डावर खाली मी सही केली. ओळख देणारी — विमल.

आता एक गोष्ट अशी, की जी सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही, आणि ती सांगायला मला इतकी वर्षं लागली.

त्या पन्नास बायकांतली एक मी होते.

घरात सगळा पैसा यांच्या हाती. अध्यक्ष म्हणून मिळणारा बैठकीचा भत्तासुद्धा मी घरी आल्यावर यांच्या हातावर ठेवायचे. वाईट माणूस नव्हते ते. पण भाजीला पैसे मागितले की विचारायचे, “काल दिले ते?” माझे बिबडे-पापड नात्यात जायचे, माहेरचं कोणी हातावर काही ठेवून जायचं — ते मी साठवलं. कशासाठी? कशासाठीही नाही. माझं म्हणून. माझं माहेरचं नाव यशोदा. त्या नावानं मी खातं काढलं. आणि ओळख द्यायला कोणाला सांगणार? संचालक बायका यांच्या मित्रांच्या घरातल्या. संध्याकाळपर्यंत बातमी यांच्या ओट्यावरच्या बैठकीत पोचली असती. मी रेवाला नेलं. तिनं अंगठा उठवला. खातं लिहून घेणारी कारकून मुलगी पुढे लग्न होऊन गाव सोडून गेली. बाहेर येताना म्हणाली, “आते तुम्हनी चोटी मना हातमा, मनी तुम्हना हातमा. बरोबर ना, अक्का?” आणि फडक्याआडून हसली.

म्हणजे तिच्या कार्डावर माझी सही होती, आणि माझ्या कार्डावर तिचा अंगठा. तुम्हाला कळलं ना? मी तिला ओळखत होते, एवढंच नाही. मला यशोदा म्हणून ओळखणारं त्या गावात तेवढं एकच माणूस होतं.

मग दिवस बदलले. समोर मोठी बँक आली. काचेचं दार, आत गार हवा, टोकन देणारं यंत्र, दारात बंदूकवाला. आमच्या दोन-तीन बायका उत्सुकतेनं गेल्या होत्या बघायला. बंदूकवाल्यानं विचारलं, “काय काम आहे?” त्या परत आल्या. त्या बँकेनं आमच्या बायकांना कधी खातं नाकारलं नाही — विचारायची वेळच येऊ दिली नाही. पण व्यापारी तिकडे गेले, डॉक्टर गेले, मास्तर लोक गेले. आमच्या घरच्यांनीसुद्धा पथारीचं खातं तिकडे नेलं. मला म्हणाले, “धंद्यात भावना आणायची नाही.” आमच्याकडे दहा-वीस रुपये टाकणाऱ्या बायका उरल्या.

आणि नियम आले. आमचे व्यवस्थापक प्रभाकर भाऊ, सरळ माणूस, डोक्यावरचे केस आमच्या देखत गेले. ते इंग्रजी पत्रं वाचून सांगायचे, मी मान हलवायचे. दर महिन्याला ही माहिती पाठवा, तीच माहिती दुसऱ्या नमुन्यात पाठवा, अमुक संगणक घ्या, तमुक कामाला वेगळा अधिकारी नेमा. समोरच्या बँकेला जे, तेच आम्हाला. त्यांच्याकडे या कामाला मुंबईत मजलेच्या मजले असतील. आमच्याकडे माणसं पाच, त्यातला एक शिपाई. दोन माणसं दिवसभर तक्तेच भरायची, आणि काउंटरवर बायका ताटकळायच्या. मोठ्या बँकेला दंड झाला तर त्यांना तो दिसतही नसेल. आम्हाला झाला तर वर्षाची मिळकत गेली. प्रभाकर भाऊ म्हणायचे, “अक्का, हत्तीची अंबारी शेळीच्या पाठीवर ठेवली आहे. शेळी उभी आहे हेच नवल समजा.”

नियम वाईट होते असं मी म्हणणार नाही. कुठे कुठे संचालकांनी बँका खाल्ल्या, खोट्या नावांनी कर्जं उचलली, गरिबांच्या ठेवी बुडवल्या. त्यातून नियम आले. चोरासाठी कुलूप आलं, त्याला मी का नावं ठेवू? पण माप एकच होतं. माप एक, अंग वेगळं. मला हे त्या वेळी कुठे बोलता आलं नाही. जिल्ह्याच्या सभेत एकदा उभी राहिले, तर समोर इंग्रजी कागद वाटत होते. बसले परत.

पण हे सगळं मी का सांगते आहे? बघा — सांगता सांगता नियमांच्या आड जाऊन उभी राहिले. माणसाला सवय असते. नियमांनी मला ते वाक्य बोलायला लावलं नाही. नियम त्या खोलीत होते, खरं. पण तोंड माझं होतं.

एका गुरुवारी बैठकीत प्रभाकर भाऊंनी पत्र वाचलं. सोमवारी तपासणी. प्रत्येक खात्याचं नाव आधार कार्डाशी जुळलं पाहिजे, न जुळणाऱ्या खात्यांची नोंद होणार. सगळ्या बायका उठून गेल्यावर ते मला म्हणाले, “अक्का, माहेरच्या नावाची खाती आहेत ना आपल्याकडे, त्या बायका तुम्हालाच माहीत. मला यादी द्या. उद्या-परवात एकेकीला गुपचूप बोलावू, दोन्ही नावं एकाच बाईची असं प्रतिज्ञापत्र करून फायलीत लावू. घरी काही कळणार नाही. एवढं झालं तर निभावून जाईल.”

मी म्हणाले, “बघते.”

माझ्याकडे शुक्रवार होता, शनिवार होता, रविवार होता. पथारी घरापासून चालत दहा मिनिटं. त्या पन्नास बायका कोणत्या, हे मला कोणाला विचारायला लागणार नव्हतं, सगळ्या नावानिशी पाठ. मी एकीलाही सांगितलं नाही.

का? यादी करायची म्हणजे पथारीवर जाऊन बसायचं, आणि रेवानं सगळ्यांसमोर विचारलं असतं — “आनि तुम्हनं, अक्का?” ती मुद्दाम नसती बोलली. ती तशीच होती, तिच्या तोंडाला दार नव्हतं. निदान मला तसं वाटत होतं. पुढे कळलं, की होतं. चांगलं भक्कम होतं.

शनिवारी दुपारी, प्रभाकर भाऊ जेवायला गेल्यावर, मी यशोदाचं खातं बंद केलं. काउंटरला नवीन मुलगी होती. तिनं कार्डावरचा फोटो पाहिला, माझ्याकडे पाहिलं, आणि मान खाली घालून पैसे दिले. कार्ड बंद खात्यांच्या गठ्ठ्यात गेलं. पैसे मी पदराखाली धरून घरी आणले आणि डाळीच्या डब्यात खाली ठेवले. त्या रात्री मला चांगली झोप लागली. हेही खोटं सांगणार नाही.

सोमवारी साहेब आले. तरुण होता, नम्र. मला ‘मॅडम’ म्हणाला, खुर्ची सरकवून दिली. राक्षस वगैरे नव्हता, हे सांगितलं पाहिजे, कारण राक्षस असता तर माझं काम सोपं झालं असतं. त्यानं संगणकातून काही खाती काढली आणि म्हणाला, या लोकांना बोलवा. त्यात रेवा निघाली.

शिपाई पथारीवर गेला आणि तिला घेऊन आला. हातही धुतले नव्हते तिनं. आधार कार्डावर सुनंदा, खात्यावर रेवा. साहेबानं बोट ठेवायचं यंत्र पुढे केलं. तिनं अंगठा ठेवला — नाही. दुसरा ठेवला — नाही. पदराला पुसून परत ठेवला. खुडून खुडून बोटांवरच्या रेषा गेल्या होत्या. ती म्हणाली, “साहेब, मिरची खाई गई.” साहेबाला हसू आलं. त्यानं कार्ड उलटं केलं आणि खालची ओळ वाचली.

“अरे वा, ओळख तर अध्यक्षांनीच दिली आहे.” माझ्याकडे वळून म्हणाला, “मॅडम, ही सही तुमची ना? या बाईंना तुम्ही ओळखता? तसं लेखी द्या, प्रतिज्ञापत्र नंतर आलं तरी चालेल.”

बघा, किती सोपं होतं. ‘हो’ म्हणायचं. एक अक्षर. चौथी शिकलेल्या बाईलाही येतं ते.

रेवा माझ्याकडे बघत होती. घाबरलेली नव्हती. बाजारात आपलं माणूस भेटल्यावर बघतो ना, तशी बघत होती.

आणि माझ्या डोक्यात काय चाललं होतं? मी ‘हो’ म्हटलं, तर साहेब विचारणार, मग दुसऱ्या नावानं खातं माहीत असून काढलं? अजून किती? या बाईनं आणखी कोणाला ओळख दिली? मग गठ्ठे निघणार. गठ्ठ्यातून यशोदा निघणार, वर माझा फोटो, खाली रेवाचा अंगठा, आणि खातं बंद केल्याची तारीख परवाची. संध्याकाळी ओट्यावर बातमी. यांचा चेहरा. “काल दिले ते?”

बँकेचा विचार माझ्या मनात आला नाही. पुढे मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं, की बँक वाचवायला बोलले, परवान्यावर बेतलं असतं, पाच घरांची रोजी गेली असती. खोटं. तो विचार नंतर शिवून लावला. त्या क्षणी मला फक्त डाळीचा डबा दिसत होता.

“सही माझीच आहे, साहेब. पण या बाईला मी ओळखत नाही. तेव्हा शेकड्यानं सह्या केल्या.”

प्रभाकर भाऊंनी पेनाला टोपण लावलं. कुठेतरी बघायला हवं म्हणून कूलरकडे बघत राहिले.

खोलीत आता एकच माणूस होतं जे एका वाक्यात मला उघडं पाडू शकलं असतं. कपाट समोर होतं. ‘बंद गठ्ठा काढा’, एवढं म्हणायचं होतं तिनं.

रेवानं माझ्यावरची नजर काढली. मग साहेबाला म्हणाली, “खरं शे, साहेब. मी बी हाई बाईले वळखस नही.”

आणि गेली. पथारीवर जाऊन तिनं राहिलेली टोपली खुडली, असं नंतर शिपायानं सांगितलं. प्रभाकर भाऊ मला म्हणाले, “चहा सांगू का, अक्का?” मी म्हणाले, सांगा. चहा प्यायले.

ओळख पटली नाही, म्हणून खातं गोठवलं, आणि नियमाप्रमाणे नोटीस गेली. कुठे? आधार कार्डावरच्या पत्त्यावर. सुनंदाच्या घरी. नवऱ्यानं पाकीट फोडलं. बायकोच्या नावावर काही आहे हे त्याला त्या दिवशी कळलं. त्यानं तिला काय केलं ते मी पाहिलं नाही. आठ दिवस ती पथारीवर आली नाही, आणि आली तेव्हा डावा हात गळ्यात बांधलेला होता. एका हातानं खुडत होती. नवऱ्यानं धुळ्याला वकील गाठला, रेवा आणि सुनंदा एकच असं रीतसर करून आणलं — बघा, त्याला जमलं ते. आमच्याकडचे पैसे समोरच्या काचेच्या बँकेत, सुनंदाच्या नावावर, त्याच्या मोबाईल नंबरावर गेले. महिन्याभरात त्यानं जुनी मोटरसायकल घेतली. पथारीवरून भर्रकन जायचा.

ते पैसे कशाचे होते ते मला माहीत होतं. कांडप यंत्राचे. मिरची कुटायचं यंत्र, धुळ्याच्या दुकानात पाहून ठेवलेलं. घराजवळ एक पत्र्याची खोलीही भाड्यानं ठरवली होती तिनं, विजेच्या खांबाजवळची, वायर कमी लागेल म्हणून. मला म्हणायची, “खुडनारीले एक, कुटनारीले दहा, अक्का. आखो एक दिवाई खुडसू, मंग कुटसू.” एक दिवाळी राहिली होती.

माझ्या डाळीच्या डब्यात पैसे होते. तेवढ्यात यंत्र आलं असतं. द्यायला हवे होते का? होय. दिले का? नाही. त्या पैशांच्या मी दोन पाटल्या केल्या, यांना सांगितलं माहेरहून आल्या.

तुम्हाला वाटेल, ती माझ्यावर चिडली असेल, भांडली असेल. नाही. ती आपल्या शब्दाला धरून राहिली. त्या दिवसापासून ती मला ओळखत नव्हती. पथारीवर मी गेले की ओळ गप्प. ‘आठे या’ नाही, ठेचा नाही. एकदा वाटेत बसले होते, तर टोपली घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, “बाई, जरासं सरका.” बाई. अक्का नाही. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. मी सरकले.

त्या मोसमानंतर ती आली नाही. माहेरी गेली, शिरपूरकडे, असं बायका म्हणाल्या.

आणखी एकदा दिसली. धुळ्याच्या बस स्टँडवर, दोन-तीन वर्षांनी. मी बाकावर होते. ती आली, बाजूला पिशवी ठेवली, आणि अनोळखी माणसाला विचारतात तसं मला विचारलं, “बाई, शिरपूरनी गाडी गई का?”

मी म्हणाले, “नाही. अजून लागली नाही.”

आम्ही शेजारी शेजारी बसलो. वीस मिनिटं असतील. मला बोलता आलं असतं. तिचा हात बाकावर होता, बोटं तशीच, काळपट, गुळगुळीत. कुठे काम करते, हात नीट जुळला का, काहीही विचारता आलं असतं. मग तिची गाडी लागली, आणि ती उठून गेली. वळून पाहिलं नाही. अनोळखी माणसाकडे कोण वळून पाहतं?

बँक पुढे चार वर्षं चालली. मग तक्ते भरणं झेपेना, दंड झेपेना, आणि एका मोठ्या बँकेत आम्हाला मिळवून टाकलं. पाटी उतरवली तेव्हा मी गेले नव्हते. उरलेल्या बायकांनी पैसे काढून परत घरातल्या डब्यांत ठेवले असतील. तेव्हा मी जे वाचवलं म्हणत होते, ते असं वाचलं.

आता मी जळगावला असते, मेहरूणमध्ये, मुलानं घेतलेल्या फ्लॅटमध्ये. हे वारले. मुलगा पुण्याला, रविवारी फोन येतो. सकाळी तलावाच्या कडेनं चालते. तिथल्या बायका रोज हसतात, पण कोणाला माझं नाव माहीत नाही, आणि मी सांगितलं नाही.

मागच्या महिन्यात बँकेत गेले होते, खात्याचे कागद पुन्हा द्यायला. काचेचं दार, टोकन. यंत्रावर अंगठा ठेवला. उठला नाही. दुसरा ठेवला. नाही. म्हातारपणी रेषा जातात म्हणे — माझ्या मिरचीनं नाही गेल्या. काउंटरवरची मुलगी गोड होती. म्हणाली, “आजी, काही हरकत नाही. इथे तुम्हाला ओळखणारं कोणी आहे का?”

मी मागे वळून पाहिलं. खुर्च्या भरलेल्या होत्या.

“नाही,” म्हणाले.

मुलगी म्हणाली, पुन्हा या. मी घरी आले. पाटल्या काढून टेबलावर ठेवल्या, आणि हे लिहायला बसले.

रेवा, सासरची सुनंदा. यशोदा, सासरची विमल. त्या दुपारी त्या खोलीत आम्ही दोघी होतो, आणि एकमेकींना पुरत्या ओळखत होतो.